मैदानाखालची माती – भाग ७ : एक टप्पा, दोन उसळ्या

मागच्या आठवड्यात रोलर, पाणी आणि गवत यांच्या मेळातून चांगली खेळपट्टी कशी तयार होते ते पाहिलं. आज वाईट खेळपट्टीविषयी. वाईट म्हणजे भराभर विकेट पडतात ती नव्हे, फलंदाजाच्या जिवावर उठते ती. या दोन्हींची आपल्याकडे सर्रास गल्लत होते.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण विदर्भाच्या घरचंच आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये नागपूरजवळ जामठ्याला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांची कसोटी तीन दिवसांत आटोपली. अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले आणि आयसीसीने खेळपट्टीवर निकृष्टतेचा शेरा मारला. त्या शेऱ्यावर आपल्याकडे बरीच आगपाखड झाली. चेंडू पहिल्या दिवसापासून वळत होता हे खरं. पण वळणाऱ्या चेंडूवर फलंदाज फसतो, बाद होतो आणि पॅव्हेलियनमध्ये परततो. दुसऱ्या प्रकारच्या खेळपट्टीवरून तो स्ट्रेचरवर परततो.

त्यासाठी एप्रिल १९७६ मधल्या जमैकाला, किंग्स्टनच्या सबिना पार्कवर जावं लागेल. त्याआधीच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत भारताने चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य गाठून वेस्ट इंडीजला हरवलं होतं. क्लाइव्ह लॉइडचा फिरकीवरचा विश्वास त्या पराभवात उडाला आणि किंग्स्टनला तो वेगवान गोलंदाजांचा ताफा घेऊन उतरला. सुनील गावसकर आणि अंशुमन गायकवाड यांनी १३६ धावांची सलामी दिली. पहिल्या दिवसअखेर भारत १ बाद १७८. इथवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी नव्या चेंडूने चित्र पालटलं. एका टोकाची उसळी बेभरवशाची झाली होती. त्याच टोकाला मायकल होल्डिंगचा वेग, आणि एकाही फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट नाही. कसोटीत हेल्मेट यायला अजून दोन वर्षं होती. विश्वनाथच्या हाताचं हाड मोडलं. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर चेंडू बसला, टाके पडले. गायकवाड मात्र हटला नाही. बडोद्याच्या मराठी घरातला, दत्ताजीराव गायकवाडांचा हा मुलगा सात तासांहून अधिक वेळ उभा राहिला. बरगड्यांवर, हातांवर मार खात त्याने ८१ धावा केल्या आणि अखेर एक चेंडू थेट कानावर बसला. कानाचा पडदा फाटला, रुग्णालयात न्यावं लागलं. तळाच्या फलंदाजांना या माऱ्यापुढे उभं करण्यापेक्षा बिशनसिंग बेदीने ६ बाद ३०६ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात भारताच्या नावावर ९७ धावा लागल्या आणि धावफलकात पाच नावांपुढे 'जखमी, अनुपस्थित' अशी नोंद झाली. त्या सामन्यात भारतीय पथकातले सगळेच्या सगळे १७ खेळाडू कधी ना कधी क्षेत्ररक्षणासाठी मैदानात उतरले होते.

होल्डिंगचा वेग हा गुन्हा नव्हता. उसळता चेंडू हे वेगवान गोलंदाजाचं रास्त हत्यार आहे आणि ते काढून घेतलं तर क्रिकेट बेचव होईल. माझ्या मते दोष होता तो पुढे काय होणार हे डोळ्यांपुढे दिसत असताना खेळ चालू ठेवणाऱ्यांचा.

बेभरवशाची उसळी एवढी घातक का, हे थोड्या हिशोबाने कळतं. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येतो. आखूड टप्प्याचा चेंडू जमिनीला लागतो तेव्हा फलंदाजाकडे जेमतेम पाव सेकंद उरतो, आणि डोळ्यांनी पाहून शरीर हलायला सुरुवात व्हायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो. म्हणजे टप्पा पडल्यावर 'पाहून खेळणं' जवळपास अशक्य. फलंदाज खेळतो ते अंदाजावर. याच जागेवरून मघाशी चेंडू छातीपर्यंत आला होता, आताही तिथवरच येईल, हा तो अंदाज. मग तो मान बाजूला घेतो किंवा खाली वाकतो. त्याच जागेवरून एक चेंडू गुडघ्याला आणि पुढचा हनुवटीला आला, तर वाचण्यासाठी वाकलेलं डोकं नेमकं चेंडूच्या वाटेत येतं. एका टप्प्याला दोन उसळ्या निघाल्या की तंत्र आणि धाडस दोन्ही कुचकामी ठरतात. सबंध खेळपट्टीवर चेंडू सारखाच उंच उडत असेल तर चांगला फलंदाज दोन षटकांत जुळवून घेतो.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. चंद्रपूर-गडचिरोलीत खेळपट्टी बहुतेक ठिकाणी हंगामापुरती जन्माला येते. झाडीपट्टीत धान निघालं की बांध्या मोकळ्या होतात, धसकटं छाटली जातात, मधला पट्टा ठोकून घेतला जातो आणि धुऱ्यावर प्रेक्षक बसतात. वरोरा, भद्रावती, राजुऱ्याकडे कापसाची काळी जमीन आहे. ही चिकण माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. ओली असताना नीट दाबली तर फरशीसारखी गुळगुळीत होते, पण चार उन्हं खाल्ली की भेगा पडतात. भेगेच्या दोन्ही बाजूंच्या ढेपा मोकळ्या होतात. ढेपेच्या कडेवर चेंडू पडला की उडतो, भेगेत पडला की सरपटतो. गवताच्या मुळांनी माती धरून ठेवली तर हे टळतं, पण हंगामी पट्ट्यावर गवत येणार कुठून? धानाच्या भागातली कन्हार जमीनही अशीच तडकते. बरड जमिनीवर आणि मुरमाच्या मैदानावर त्रास वेगळा. वरची धूळ उडाली की खडे उघडे पडतात आणि चेंडू खड्याच्या मर्जीने जातो.

यावरचा आपला जुना तोडगा म्हणजे मॅट. काथ्याची मॅट अंथरली की निम्मा धोका गेला असं आपण धरून चालतो. मॅट चांगलीच. नियमही तिला मान्यता देतात, अशी कृत्रिम खेळपट्टी किमान १७.६८ मीटर लांब आणि १.८३ मीटर रुंद हवी एवढंच सांगतात. पण मॅट ही तिच्याखालच्या जमिनीइतकीच चांगली. एखादी मॅट सामन्याच्या मध्यावर जवळून पाहा. सकाळी ताणून ठोकलेले खिळे दुपारपर्यंत सैल झालेले असतात. गोलंदाजाचा पाय पडतो तिथे मॅट सरकते, ती सरक पुढे जाते आणि नेमकी चांगल्या टप्प्याच्या जागी सुरकुती उभी राहते. चेंडू सुरकुतीच्या पुढच्या अंगाला लागला तर थांबून उडतो, मागच्या अंगाला लागला तर घसरतो. मॅटखाली हरभऱ्याएवढा खडा राहिला तरी तोच प्रकार. दोन तुकडे जोडलेली मॅट असेल तर जोडाची शिवण तपासायलाच हवी. शिवाय मॅटवर चेंडू मातीपेक्षा चपळ उसळतो. म्हणजे बेभरवसा आणि वेग दोन्ही एकत्र.

टेनिस बॉल असेल तोवर हे निभावतं. नेहमीचा टेनिस बॉल ६० ग्रॅमच्या आतला. लेदर बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. टणक कॉर्कचा बॉलही गावोगाव खेळला जातो. गंमत म्हणून टेनिस बॉलवर भरवलेल्या स्पर्धेचा पट्टा पुढच्या वर्षी तसाच लेदर बॉलसाठी वापरला जातो, हे मला सर्वांत काळजीचं वाटतं. बॉल बदलला की पट्ट्याची कसोटी नव्याने घ्यायला हवी.

असमान जमिनीने माणूस दगावतो हे क्रिकेटला १८७० पासून ठाऊक आहे. त्या वर्षी लॉर्ड्सवर नॉटिंगहॅमशायरच्या जॉर्ज समर्सच्या डोक्याला उसळलेला चेंडू लागला आणि काही दिवसांत तो गेला. त्या काळी लॉर्ड्सची खेळपट्टी खडबडीतपणासाठी कुप्रसिद्ध होती. समर्सनंतर आलेला रिचर्ड डाफ्ट डोक्याला टॉवेल गुंडाळून फलंदाजीला उतरला होता.

टॉवेलपासून हेल्मेटपर्यंत यायला शतक लागलं. आपल्याकडचं बोलकं उदाहरण संदीप पाटीलचं. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला तो हेल्मेटशिवाय ६५ धावांवर खेळत असताना लेन पास्कोचा चेंडू कानावर बसला आणि तो कोसळला. त्याच महिन्यात ॲडलेडच्या पुढच्या कसोटीत तो हेल्मेट घालून उतरला आणि १७४ धावा केल्या. हेल्मेटने मर्दानगी कमी होते म्हणणाऱ्या पोरांना एवढी एक खेळी सांगावी. मात्र हेल्मेटलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीला फिल ह्यूजेसला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर. दोन दिवसांनी त्याचं निधन झालं, वय २५. मानेमागे लावायचं कवच त्यानंतर प्रचारात आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलबर्नला नेटमध्ये सराव करणारा १७ वर्षांचा मुलगा असाच गेला. हेल्मेट होतं, मानेचं कवच नव्हतं.

आता प्रश्न अधिकाराचा. खेळपट्टी धोकादायक आहे हे ठरवायचं कुणी? नियम स्पष्ट आहे. खेळाडूच्या किंवा पंचाच्या सुरक्षिततेला प्रत्यक्ष आणि पुढे दिसणारा धोका असेल तर दोन्ही पंचांनी मिळून खेळ थांबवायचा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. २५ डिसेंबर १९९७ रोजी इंदूरला भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना अवघ्या तीन षटकांनंतर सोडून दिला गेला. पाचच आठवड्यांनी, २९ जानेवारी १९९८ रोजी, त्याच सबिना पार्कवर इंग्लंडविरुद्धची कसोटी ६१ चेंडूंनंतर रद्द झाली. धोकादायक खेळपट्टीमुळे कसोटी रद्द होण्याची ती पहिली वेळ. २००९ मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानावर एकदिवसीय सामन्यात २३.३ षटकांनंतर हेच घडलं आणि आयसीसीने मैदानावर वर्षभराची बंदी घातली. उलट जानेवारी २०१८ मध्ये जोहान्सबर्गला बुमराहचा चेंडू डीन एल्गरच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळल्यावर खेळ थांबला, चर्चा झाली आणि दुसऱ्या दिवशी सामना पुढे खेळवला गेला. आपण तो ६३ धावांनी जिंकलो. याच खेळपट्टीवर अजिंक्य रहाणेने ४८ धावा काढल्या, त्या मला अनेक शतकांहून मोठ्या वाटतात. तरीही सांगतो, तो सामना थांबवला असता तर मी पंचांना दोष दिला नसता.

गावातल्या स्पर्धेत पंच बहुधा मंडळातलाच कुणीतरी असतो. बक्षिसाची रक्कम जाहीर झालेली, पाहुणे येऊन बसलेले, लांबून गाड्या करून आलेले संघ. अशा वेळी 'पीच खराब आहे, थांबा' म्हणायला त्याच्या पाठीशी कुणी उभं नसतं. म्हणून तो अधिकार स्पर्धेच्या पत्रकातच छापायला हवा. पंचांनी थांबवलं तर सामना टेनिस बॉलवर खेळवला जाईल किंवा दुसऱ्या पट्ट्यावर होईल, हे आधीच ठरलेलं असलं की भांडण होत नाही.

आपल्याकडे याची निकड शहरांपेक्षा जास्त आहे, कारण अंतरं. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरांहून लांब. मेंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर बहुतेकांना नागपूर गाठावं लागतं आणि चंद्रपूरहूनही ते सुमारे दीडशे किलोमीटर. १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या कवटीला चेंडू लागला तेव्हा तिथेच तातडीने शस्त्रक्रिया झाली, रक्त द्यायला फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर हजर होते, म्हणून तो वाचला. कवटीच्या आतला रक्तस्राव कधी कधी तासांनी लक्षण दाखवतो. डोक्याला लेदर बॉल लागलेला मुलगा 'मी ठीक आहे' म्हणाला तरी त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला असं समजा. उलटी, झोपाळूपणा, वाढती डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, यांतलं एकही दिसलं तर वाट न पाहता गाडी काढा. मोठ्या क्रिकेटमध्ये ऑगस्ट २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. ही सोय आपल्या स्पर्धांतही ठेवायला खर्च काहीच नाही.

येत्या हंगामात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे. सामन्याच्या सकाळी खांद्याच्या उंचीवरून बॉल पट्ट्यावर दहा-बारा ठिकाणी सोडून पाहा. जिथे उसळी इतर जागांपेक्षा ठळकपणे वेगळी दिसेल तिथली मॅट उचला, खडा काढा, भेग मातीने भरून ठोका. दर डावाच्या मध्ये खिळे पुन्हा ताणा. लेदर बॉलची स्पर्धा असेल तर मानेच्या कवचाची चार हेल्मेटं मंडळाच्या पैशातून घ्या, ती दोन्ही संघांना पुरतात. हे जमत नसेल तर यंदा टेनिस बॉलवरच खेळा.

(पुढील भागात : पावसात, उघड्या खेळपट्टीवर खेळली जाणारी मुंबईची कांगा लीग)