कॉम्प्युटरवरचे फोटो चुकून डिलीट झाले? आधी कॉम्प्युटर बंद करा, मग पुढचं बघा

मागच्या महिन्यात शेजारच्या गावात एका घरी गेलो होतो. घरातले कर्ते वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धासाठी बॅनर करायचा होता आणि घरात लावायला एक मोठा फोटो. सगळे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर होते. मोबाईल भरला म्हणून दोन वर्षांपूर्वी केबल लावून ते कॉम्प्युटरवर घेतले होते आणि मोबाईलमधून काढून टाकले होते. त्याच दिवशी सकाळी नातवाने जागा करायची म्हणून ते फोल्डर उडवलं, तेही शिफ्ट दाबून. पोरगं रडवेलं झालेलं, बाप चिडलेला, आणि आजी एकच विचारत होती, "यांचा पोळ्याचा, बैलासंगचा फोटो तेवढा मिळंल का रं?"

अशी वेळ आता बऱ्याच घरांवर येते. लग्नाचे, बाळाच्या बारशाचे, पिकाच्या नुकसानीचे, शेताच्या हद्दीचे फोटो आपण कॉम्प्युटरवर ठेवतो आणि एका बटनात घालवतो. पण डिलीट झाले म्हणजे कायमचे गेलेच असं नसतं. पहिल्या तासात आपण काय करतो यावर बरंच अवलंबून असतं.

डिलीट केल्यावर नेमकं काय होतं?

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. तलाठ्याच्या दप्तरातून एखाद्याचं नाव कमी झालं म्हणून जमीन काही उचलून नेलेली नसते. ती जागेवरच असते. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. कोणता फोटो हार्डडिस्कवर कुठं ठेवलाय याची एक नोंदवही असते. आपण डिलीट करतो तेव्हा फक्त नोंद कमी होते. फोटो डिस्कवर तसाच पडून असतो.

पण नोंद नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर ते रान मोकळं समजतो. नवीन गाणं, पिक्चर, एखादं ॲप आलं की त्याच जागेवर पेरणी करतो. एकदा त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की खालचा फोटो कोणालाच काढता येत नाही, मोठ्या लॅबलासुद्धा नाही. म्हणून पहिला नियम एवढाच, की फोटो गेले हे कळलं की कॉम्प्युटर वापरणं थांबवा. यूट्यूब बघू नका, नवीन काही डाऊनलोड करू नका. आपण काही केलं नाही तरी विंडोज स्वतःच अपडेट घेत असतं आणि डिस्कवर लिहीत असतं.

सगळ्यात आधी या सोप्या गोष्टी बघा

१) आत्ताच डिलीट झालं असेल तर त्याच खिडकीत कंट्रोल आणि झेड ही दोन बटनं एकत्र दाबा. बऱ्याचदा फोटो तिथल्या तिथे परत येतात.

२) डेस्कटॉपवर कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं, ते रिसायकल बिन. ते उघडा. फोटो दिसले तर त्यावर माऊसचं उजवं बटन दाबून 'रिस्टोअर' करा. फोटो जिथून गेले तिथेच परत जातात. नावं आठवत नसतील तर डिलीट केल्याच्या तारखेनुसार यादी लावून घ्या.

लक्षात ठेवा, शिफ्ट दाबून डिलीट केलेले फोटो या डब्यात येत नाहीत. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डवरून उडवलेलेही साधारणपणे येत नाहीत. आणि डबा भरला की जुन्या फाइली आपोआप बाहेर पडतात.

३) कॉम्प्युटर आता बंद करा आणि मोबाईल हातात घ्या. गूगल फोटोमध्ये 'ट्रॅश' बघा. बॅकअप झालेले फोटो डिलीट केल्यावर तिथे ६० दिवस राहतात. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या जीमेलवर बॅकअप चालू होता का तेही तपासा. आपण चालू केलेलं आपल्यालाच आठवत नसतं.

४) व्हॉट्सॲप विसरू नका. लग्नाचा किंवा पोळ्याचा फोटो आपण भावकीच्या ग्रुपवर टाकलेलाच असतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना फोन करून विचारा. व्हॉट्सॲपवरचा फोटो मूळ फोटोपेक्षा हलका असतो, मोठ्या बॅनरला थोडा फुटेल. पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

५) विंडोजमध्ये वनड्राइव्ह चालू असेल तर मोबाईलवरून त्याच्या साइटवर लॉगिन करा. तिथेही वेगळं रिसायकल बिन असतं आणि घरगुती खात्यात फाइली ३० दिवस राहतात.

डिस्क कोणती आहे त्यावर नशीब ठरतं

जुन्या कॉम्प्युटरमध्ये फिरणारी हार्डडिस्क असते. तिच्यातून फोटो परत मिळण्याची शक्यता चांगली असते. नवीन लॅपटॉपमध्ये मात्र एसएसडी असते. ती जलद असते, पण विंडोज तिला लगेच कळवतं की ही जागा आता लागत नाही, आणि ती जागा डिस्क स्वतःच पुसून टाकते. त्यामुळे एसएसडीवरून शिफ्ट डिलीट केलेले फोटो परत मिळणं फार अवघड. कोणी शंभर टक्के खात्री देत असेल तर सावध व्हा.

पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डमध्ये शक्यता बरी असते, फक्त त्यावर पुन्हा फोटो काढू नका. कॉम्प्युटरमध्ये फोटो डी ड्राइव्हला असतील तरी बरं, कारण विंडोज आणि ॲप जास्त करून सी ड्राइव्हला लिहितात. डेस्कटॉपवर किंवा 'पिक्चर्स'मध्ये ठेवलेले फोटो सी ड्राइव्हलाच असतात.

सॉफ्टवेअरने फोटो कसे काढायचे?

यासाठी फुकट मिळणारी दोन सॉफ्टवेअर बरीच वापरली जातात.

पहिलं रेकुव्हा. नवख्या माणसाला हे सोपं पडतं. चालू केल्यावर ते विचारतं, काय शोधायचं? 'पिक्चर्स' निवडा. मग कुठे शोधायचं ते सांगा. पहिल्या वेळी मिळाले नाहीत तर 'डीप स्कॅन'वर खूण करून परत शोधा, याला काही तास लागू शकतात. यादीत हिरवा ठिपका असेल तर फोटो चांगला, केशरी असेल तर अर्धवट, लाल असेल तर आशा कमी.

दुसरं फोटोरेक. याला कसलेच पैसे लागत नाहीत. ते नोंदवहीकडे बघतच नाही, सरळ डिस्क चाळून फोटोसारखं जे दिसेल ते बाहेर काढतं. म्हणून नोंदवहीच खराब झाली असेल तरी चालतं. याचा तोटा म्हणजे फोटोंची जुनी नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. आकड्यांची नावं असलेले हजारो फोटो येतात, त्यात इंटरनेटवरची बारीकसारीक चित्रंही असतात. बसून निवडावे लागतात.

दोन्हीसाठी नियम तेच आहेत.

१) सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर डाऊनलोड करून पेनड्राइव्हवर घ्या. ज्या डिस्कवरचे फोटो गेलेत तिच्यावर ते टाकू नका.

२) मिळालेले फोटो त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. वेगळा मोठा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क लावा. नाहीतर एक फोटो काढताना दुसरा त्याच्याखाली गाडला जाईल.

३) फोटो सी ड्राइव्हचे असतील तर सगळ्यात चांगलं म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला केबलने जोडायची आणि तिथून शोधायचं. हे काम दुकानदाराकडून करून घेतलं तरी चालेल.

४) डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर काहीच करू नका. लगेच बंद करा. अशी डिस्क जितकी चालवाल तितकी जास्त बिघडते. ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबलाच द्यावी लागते आणि त्याचा खर्च हजारांत जातो.

दुकानात नेताना आणि नेटवर शोधताना

कॉम्प्युटर स्लो झाला की दुकानात 'विंडोज मारून देतो' म्हणतात. फोटो गेलेले असताना विंडोज नवीन टाकलं तर उरलेली आशाही जाते. म्हणून देतानाच स्पष्ट सांगा, की फॉरमॅट मारायचा नाही, आधी फोटो काढायचेत. काम कसं करणार, कुठे सेव्ह करणार, फोटो मिळाले नाहीत तर किती पैसे, हे आधीच ठरवा. घरातल्या बायामाणसांचे खासगी फोटो असतील तर शक्यतो समोर बसून काम करून घ्या.

नेटवर 'फोटो रिकव्हरी कस्टमर केअर' असं शोधून मिळालेल्या नंबरवर फोन लावू नका. समोरचा माणूस स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला सांगतो, दहा रुपये फी भरा म्हणतो, आणि बँकेचं खातं साफ करतो. फोटो परत मिळवायला ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

फोटो मोबाईलमधून कॉम्प्युटरवर टाकले आणि मोबाईलमधून काढले, की आपल्याकडे एकच प्रत राहते. बियाणं आपण सगळं एकाच कणगीत ठेवत नाही, हेही तसंच. महत्त्वाचे फोटो किमान दोन ठिकाणी हवेत आणि त्यातलं एक घराबाहेर. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि निवडक फोटो गूगल खात्यात. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते. पण ती जीमेल आणि ड्राइव्हसकट मिळून आहे, म्हणून गुड मॉर्निंगची चित्रं त्यात भरू नका. दर सणाला एकदा कॉपी करायची सवय लावली तरी पुरे. कॉपी केल्यावर दोन-चार फोटो उघडून बघा, मगच मोबाईलमधून काढा.

त्या घरी काय झालं?

फोल्डर डी ड्राइव्हला होतं आणि डिस्क जुनी, फिरणारी होती. पोरगं घाबरून गेलं होतं, पण त्याने एक शहाणपण केलं. डिलीट झाल्यावर कॉम्प्युटर बंद केला आणि परत चालू केला नाही. तालुक्याच्या दुकानात समोर बसून फोटोरेक चालवलं. साडेचारशेच्या आसपास फोटो होते, त्यातले सव्वातीनशे आले. काही अर्धे आले, खाली नुसता करडा रंग. बैलासंगचा फोटो कॉम्प्युटरवरून मिळालाच नाही. तो मिळाला नाशिकला असलेल्या लेकीच्या मोबाईलमध्ये, व्हॉट्सॲपवर. बॅनरला दुसरा फोटो लावला आणि हा छोटा करून आजीच्या खोलीत लावलाय.

हा मजकूर घरातल्या पोरांना वाचून दाखवा, आणि आज संध्याकाळी तुमच्या घरातले फोटो किती ठिकाणी आहेत ते एकदा मोजा.