सामाईक भिंत

तांबट लेन, हुंडीवाला लेन, तिळभांडेश्वर गल्ली... जुन्या नाशकातल्या अशा गल्ल्यांमध्ये वाडा सहसा एकटा उभा नसतो. एकाची भिंत संपते तिथं शेजारच्याची सुरू होते. पुष्कळदा ती दोघांची मिळून एकच असते. वाड्यांचं कौतुक करताना दिंडी दरवाजा, सुरूदार खांब, सज्ज्यावरची नक्षी हे सगळं डोळ्यांत भरतं. सगळ्यांना उभं ठेवणाऱ्या त्या ओळीकडे मात्र लक्ष जात नाही.

ओळीत घरं बांधण्याचा विचार सर्वांत नेटकेपणानं कुठं झाला असेल, तर तो स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात. नाशकात १७४७ मध्ये नारोशंकराचं मंदिर बांधलं गेलं. त्यानंतर वीस वर्षांनी, १७६७ मध्ये, एडिंबराच्या नव्या शहराचा जेम्स क्रेगनं काढलेला आराखडा मंजूर झाला. सरळ रस्ते, दोन टोकांना दोन चौक आणि रस्त्यांच्या कडेनं एकमेकांना चिकटून उभी घरं. १७९१ मध्ये त्यातल्या शार्लट चौकाचं काम रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराकडे आलं. त्यानं उत्तरेच्या बाजूची अकरा घरं अशी रेखाटली की समोरून तो एकच राजवाडा वाटावा. मध्यावर ग्रीक-रोमन धाटणीचे खांब आणि त्यावर त्रिकोणी माथा, दोन्ही टोकं किंचित पुढे आलेली, खिडक्या एका रेषेत. प्रत्येक दार वेगळ्या मालकाचं, पण दर्शनी रूप सगळ्यांचं मिळून. पुढच्याच वर्षी ॲडम वारला. तरी उत्तरेची ती बाजू त्याच्या रेखाटनाप्रमाणे बांधली गेली. तिच्या मधल्या घरात आज स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरचं अधिकृत निवासस्थान आहे.

या घरांची अडचण नाशिकच्या वाड्यासारखीच होती. दोन्ही बाजूंना शेजारी, मग मध्यभागी उजेड आणायचा कुठून? एडिंबराच्या कारागिरांनी जिना घराच्या पोटात घेतला आणि त्याच्या माथ्यावर छपरात काचेचा घुमट बसवला. आपल्याकडे मध्यभागी चौकच उघडा ठेवला; ओसरी, माजघर, वरची माडी सगळ्यांना उजेड आणि वारा तिथूनच. थंड, पावसाळी देशात उघडा चौक परवडणारा नव्हता, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात काचेखाली बसणं शक्य नव्हतं. दोन्ही तोडगे आपापल्या हवेला चोख आहेत. खर्चाचा हिशेबही सारखाच: तिकडे घडीव वालुकाश्म फक्त दर्शनी भिंतीला आणि मागं ओबडधोबड दगड, इकडे उत्तम नक्षी रस्त्याकडच्या लाकडाला आणि आतल्या भिंती साध्या माती-विटांच्या.

वाडे कोसळण्याचं एक मोठं कारण याच साधेपणात आहे. सामाईक भिंतीत दोन्हीकडच्या तुळया टेकलेल्या असतात. एका मालकानं वाडा पाडला की भिंतीचा एका बाजूचा आधार जातो. त्याहून वाईट म्हणजे जी भिंत कधीच बाहेरची म्हणून बांधली नव्हती, ती पावसात उघडी पडते. पांढऱ्या मातीत पाणी मुरतं, तुळईचं टोक कुजतं आणि एखाद्या श्रावणात शेजारचा धडधाकट वाडा खचतो. त्यात मालक-भाडेकरूंचे वाद, वर्षानुवर्षं न वाढलेलं भाडं, वाटण्यांमुळे एकाच वाड्याचे डझनभर वारस. मग कौलं चाळायला पैसे कोण घालणार? महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, पण नोटीस वाड्याला जाते, ओळीला नाही.

एडिंबरावरही ही वेळ आली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथला दगड झिजला होता, छपरं गळत होती, घरांचे तुकडे पडून अनेक मालक झाले होते. १९७० मध्ये शहरात खास या प्रश्नावर परिषद भरली. त्यानंतर संवर्धन समिती स्थापन झाली आणि मालकांनी एकत्र येऊन केलेल्या दुरुस्तीला अनुदान मिळू लागलं. १९९५ मध्ये जुनं आणि नवं एडिंबरा जागतिक वारसा यादीत गेलं. २००४ च्या कायद्यानं आणखी एक गोष्ट केली: अनेक मालकांमध्ये विभागलेल्या इमारतीच्या छपराची, पायाची, बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती बहुमतानं ठरवता येते. एकाच्या हट्टामुळे सगळ्यांचं छप्पर गळत राहत नाही.

नाशकात सराफ बाजारातला सरकारवाडा राज्य संरक्षित आहे, त्याची दुरुस्तीही झाली. ते चांगलंच झालं. पण सरकारवाडा वाचला म्हणून तांबट लेन वाचत नाही. आज निकडीचं काम साधं आहे. महापालिकेनं पाहणी गल्लीनिहाय करावी आणि सामाईक भिंतींची नोंद ठेवावी. वाडा पाडायची परवानगी देताना शेजारची उघडी पडणारी भिंत टेकू देऊन, गिलावा करून देण्याची अट त्याच कागदावर घालावी. आणि ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी पावसाळ्याआधी शेजाऱ्याला सोबत घेऊन ती भिंत दोन्ही बाजूंनी तपासावी.