पांढरे पाणी : अचूक निदानाचा साधा मार्ग

वैशाखरे परिसरातील अनेक भगिनी बाह्यरुग्ण विभागात प्रथम कंबरदुखी किंवा अशक्तपणा सांगतात. ‘अंगावरून पांढरे जाते’ ही मूळ तक्रार अखेरीस, दबक्या आवाजात पुढे येते. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या.

योनिमार्गात दह्यातील जिवाणूंच्या कुळातील उपयुक्त जिवाणू असतात. ते आम्ल निर्माण करून रोगजंतूंना आवर घालतात. हा समतोल ढळला, की जिवाणूजन्य विकार उद्भवतो. बुरशीमुळेही स्राव होतो. परंतु तिचे औषध निराळे. केवळ तक्रार ऐकून दिलेले औषध म्हणूनच वाया जाऊ शकते.

१९८३ मध्ये आम्सेल व सहकाऱ्यांनी सांगितलेल्या चार खुणा यासाठी आजही उपयोगी पडतात : पातळ, एकसारखा, करडा-पांढरा स्राव, आम्लता मोजणाऱ्या कागदावर ४.५ पेक्षा अधिक पीएच. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकताच येणारा मासळीसारखा वास. आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी कडा झाकलेल्या पेशी. चारपैकी तीन खुणा आढळल्यास निदान निश्चित मानतात. मेट्रोनिडॅझोलसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावे लागते.

गरोदरपणी या विकाराचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी आढळतो. त्यामुळे अशा वेळी लक्षणांकडे दुर्लक्ष नको. ताप, ओटीपोटात दुखणे वा रक्तस्राव असल्यास तत्काळ तज्ज्ञांकडे जावे. विकार वारंवार उलटतो. पतीवरही एकाच वेळी उपचार केल्यास तो उलटण्याचे प्रमाण घटते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दिसून आले. तथापि, या निदानावरून कोणाच्याही चारित्र्याविषयी शंका घेणे सर्वथा अनुचित होय.

प्रस्तुत लेखक वैद्यकीय शाखेचा नाही. जमाखर्च पाहणे हे त्याचे काम. त्या दृष्टीने पाहता कागदाची पट्टी, द्रावणाची बाटली व काचपट्टी यांचा खर्च किरकोळ आहे. पडद्याआडची खोली, महिला परिचारिका व निवांत मिनिटे यांचे मोल ताळेबंदात दिसत नाही. तपासणी मात्र त्यांच्यावाचून होत नाही. देणगीदारांनी यंत्रांइतकेच याही गरजांकडे पाहावे आणि कुटुंबीयांनी घरातील स्त्रीस संकोच न बाळगता तपासणीस आणावे, ही नम्र विनंती.