आयकलर घेताय? आधी हे वाचा!

सनीवेल किंवा पालो आल्टोला सेटल झालेला मित्र फोनवर म्हणाला, 'आयकलर घेतोय', तर ती गाडी नाही, घर आहे बरं का! बिल्डर जोसेफ आयकलर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात अशी सुमारे ११ हजार घरं बांधली. एकमजली, लाकडी तुळयांची, मागे काचेच्या भिंती. अनेक घरांत मधोमध उघडं अंगण. आपल्या वाड्यातला चौकच म्हणा ना! शिवाय, गोऱ्यांच्या वस्तीत इतरांना घर मिळणं मुश्कील होतं, तेव्हा आयकलरनी वंश न बघता घरं विकली.

पालो आल्टोच्या ग्रीन गेबल्स आणि ग्रीनमेडो या वसाहती २००५ मध्ये नॅशनल रजिस्टरवर आल्या. हा मान झाला. तेवढ्यानं मालकाचे हात बांधले जात नाहीत. खरे नियम शहराचे, तेव्हा आधी तिथे चौकशी करा. शहर १९७२ चा मिल्स अ‍ॅक्ट राबवत असेल, तर प्रॉपर्टी टॅक्स कमी होऊ शकतो. बदल्यात किमान १० वर्षं घर जपायचा करार. घर विकलं की करार नव्या मालकाच्या गळ्यात, म्हणजे कदाचित तुमच्याच!

आणि 'रीस्टोअर्ड' म्हणून चकाचक किचनवर भुलू नका. फरशीखालचे गरम पाण्याचे पाइप तपासून घ्या. ते काँक्रीटमध्ये पुरलेले असतात, गळले तर फरशी फोडा! छताला माळा नाही, काचाही बहुतेक जुन्या एकेरी. वीजबिल विचाराच.

थोडक्यात काय, इथे तुम्ही मालक कमी, राखणदार जास्त. पटतंय? मग चौकात तुळस ठेवा आणि खुशाल राहा!