खाली बसवलेली फियाट आणि गावचा गतिरोधक

विरार पश्चिमेहून बोळींजमार्गे आगाशी-अर्नाळ्याकडे निघालं की नंदाखाल लागतं. दोन्ही अंगांना वाड्या, केळी, विहिरी, आणि घरांना वळसे घालत जाणारे अरुंद रस्ते. वळण संपलं की गतिरोधक, गतिरोधक ओलांडला की पुन्हा वळण. जुनी गाडी ‘लो’ करायची, म्हणजे तिचं धूड चाकांवर आणखी खाली बसवायचं, ही हौस ज्यांना असते त्यांच्यासाठी याहून कडक परीक्षा नाही. कारण गाडी खाली घेतल्याने जे मिळतं ते वळणावर मिळतं, आणि जे जातं ते गतिरोधकावर.

आपल्याकडे या हौसेची ठरलेली गाडी म्हणजे फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९७० च्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गेली, पण हौशी मालकांच्या शेडमध्ये ती अजून आहे. कागदावर ती स्पोर्ट्‌स कार नव्हे. १०८९ सीसीचं इंजिन आणि चाळिसेक अश्वशक्ती, बस्स. तरी एकेकाळी शर्यतींत उतरायला सर्वसामान्य चालकाला परवडणारी गाडी हीच होती, आणि शर्यतीत उतरायची म्हणजे आधी खाली बसवायची, असा समज तेव्हापासून रुजला.

त्यात तथ्य किती ते आकड्यांत पाहू. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. पद्मिनीचं वजन ढोबळमानाने ९०० किलो, चाकांमधलं अंतर १.२ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे असं धरू. १५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३१ किलोमीटरने घेतलं तर बाजूला ढकलणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा होतो, आणि साधारण २०६ किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. आता गाडी ४ सेंटिमीटर खाली घेतली. तोच भार १९१ किलो होतो. एवढा खटाटोप करून पदरात पडले १५ किलो! खाली बसवलेल्या गाडीत ‘रस्त्याला चिकटल्यासारखं’ वाटतं ते बहुतांशी कडक स्प्रिंग आणि नव्या शॉकअपमुळे. उंचीचा वाटा त्यात मामुली असतो, हे गॅरेजमध्ये सांगून पाहा, कुणी ऐकत नाही.

उलट उंची जास्त उतरवली तर गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. फियाटच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आडवे आर्म धरून असतात. गाडी कलते ती एका काल्पनिक बिंदूभोवती, आणि त्या बिंदूची जागा हे आर्म ठरवतात. धूड खाली आलं की आर्मची आतली टोकं खाली जातात, बाहेरची वरच राहतात, आणि तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं. म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. त्यातच चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोन बिघडला तर खड्ड्यात चाक वर जाताना आपोआप थोडं वळतं आणि स्टीअरिंग हातात लढायला लागतं.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक हा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो: रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी बेतलेला. फियाटच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.३४ मीटर. ती या उंचवट्याच्या बरोबर मध्यावर आली की चारही चाकं कमानीवरच असतात, त्यामुळे पोटाखाली फुगवटा उरतो तो फक्त मधल्या तुकड्याचा. हिशेब सोपा आहे: अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. उत्तर येतं ४ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरचा गतिरोधक गाडीच्या पोटाखालची जागा खातो चारच! लांब गाडीला तो जास्त छळतो. चाकांमध्ये २.६७ मीटर अंतर असलेल्या काँटेसाच्या बाबतीत हेच उत्तर ५.२ येतं.

पण गल्लीत एखादा अपघात झाला की चार माणसं जमून रातोरात डांबराचा जो ढीग ओततात, त्याला कुठलं मानक? समजा तो १२ सेंटिमीटर उंच आणि हातभर रुंद आहे. पुढची चाकं पलीकडे सपाटीवर, मागची अलीकडे सपाटीवर, आणि मधे पूर्ण १२ सेंटिमीटर उभे. गाडीचं पोट जमिनीपासून १३ सेंटिमीटर वर असेल तर एक सेंटिमीटरने सुटका. तीच गाडी ४ सेंटिमीटर खाली घेतलेली असेल तर चेंबर फुटणार. मानकाच्या गतिरोधकावर हीच गाडी ५ सेंटिमीटर राखून पार झाली असती. म्हणून गाडी किती खाली घ्यायची हे मालकाने आपल्या घरापासून हमरस्त्यापर्यंतच्या ढिगांची उंची मोजून ठरवावं, चित्रातल्या गाड्या पाहून नव्हे. पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याचा हिशेब आणखी वेगळा.

गॅरेजमध्ये मात्र माप चालतं बोटांचं. ‘किती घेऊ, शेठ? दोन बोटं?’ म्हणजे टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं मावतील एवढी फट. शहाणा मिस्त्री टेप काढतो, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो. जमिनीपासून मोजत नाही, कारण टायरमधली हवा कमी-जास्त असेल तर ते माप खोटं ठरतं. चारही चाकांची मापं तो खडूने मडगार्डवरच लिहून ठेवतो. पन्नास वर्षांच्या गाडीत डाव्या-उजव्या बाजूला पाऊण इंचाचा फरक निघाला तर नवल नाही. चालकाच्या बाजूची स्प्रिंग जन्मभर जास्त ओझं वाहत आलेली असते.

स्प्रिंग कापण्याची पद्धत सर्रास आहे. आठ वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग आखूड होते आणि १४ टक्के कडकही होते, कारण वेढे जितके कमी तितका ताठरपणा जास्त. मोकळी असताना ३२० मिलिमीटर आणि गाडीखाली १६० मिलिमीटर असलेली स्प्रिंग कापल्यावर गाडीखाली १४० भरते. कापले ४०, उतरले २०. मात्र ती आतल्या बाजूला बसलेली असल्याने चाकाशी हा फरक दीडपट ते दुप्पट होतो. नवी स्प्रिंग करून घेताना तारेची जाडी सांगायला चुकू नये: ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १३ ची तार घेतली की स्प्रिंग ३८ टक्के कडक. कंबरेला ते लगेच कळतं.

कापणंही परवडलं, पण गॅसची ज्योत मारून स्प्रिंग जागच्या जागी बसवायची पद्धत निव्वळ वाईट. लाल होईपर्यंत तापलं की पोलादाचं पाणी उतरतं. मग स्प्रिंग रोज थोडी थोडी बसत जाते, किंवा एके दिवशी तुटते.

परदेशात या हौसेचा एक गमतीदार उलटा प्रकार घडला. इंग्लंडची एमजीबी ही १९६२ सालची नामांकित स्पोर्ट्‌स कार. अमेरिकेतले बंपर आणि दिव्यांच्या उंचीचे नियम पाळण्यासाठी १९७४ च्या अखेरीपासून कंपनीनेच ती इंच-दीड इंच उंच केली, आणि वळणावर तिची रया गेली. तेव्हापासून एमजीबीवाले गाडी खाली घेतात ती मूळ उंचीवर आणण्यासाठी. त्यांचं म्हणणं मला पटतं. आर्मचे कोन ज्या उंचीसाठी आखले होते तिथेच गाडी परत जाते.

आपल्याकडे कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी दिली. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसावा. १९७४ ची पद्मिनी त्या वयात आली आहे. तेव्हा जे करायचं ते उलटं फिरवता येईल असंच करावं. मागची पाट्यांची स्प्रिंग ॲक्सलच्या खालून जात असेल तर दोघांमध्ये इंचभर जाडीचा लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळता येतो. गाडी तेवढीच खाली येते आणि पाट्यांना हातही लागत नाही. पाटे उतरवून एकेक ठोकत कमान कमी करण्यापेक्षा हे बरं. शेदोनशे किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, खडूच्या जुन्या आकड्यांशी मापं ताडून पाहायची, आणि मगच अलाइनमेंटला न्यायचं.