बाल-किशोरांतील आहारविकृती : बाह्यरुग्ण विभागात वैद्याचे कर्तव्य

'मुलगी जेवत नाही, भूक वाढवणारे काहीतरी द्या' अशी मागणी आपल्या बाह्यरुग्ण विभागात नित्याची आहे. बहुतांशी त्यामागे अग्निमांद्य, कृमी, पांडु अथवा नुकताच येऊन गेलेला ज्वर असतो व दीपन-पाचनाने कार्य साधते. परंतु किशोरवयातील काही रुग्णांत अग्नी मंद नसतो. भूक असते, पण ती निग्रहाने नाकारली जाते. अशा रुग्णास दीपन चूर्ण देऊन महिन्याने बोलावणे म्हणजे मोलाचा काळ दवडणे होय.

निदानातील भेद

चरकाचार्यांनी अरोचकाच्या कारणांत शोक, भय, क्रोध या मानसिक हेतूंची गणना केली आहे. तथापि अनोरेक्सिया नर्व्होसा म्हणजे मानस अरोचक, असे सरळ समीकरण मांडणे योग्य नव्हे. सर विल्यम गल यांनी १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात रूढ केलेल्या या नावाचा अर्थ 'क्षुधानाश' असा असला, तरी व्याधीचे मर्म वजन वाढण्याची तीव्र भीती व स्वशरीराविषयीची विपरीत धारणा हे आहे. बुलिमियात अति खाऊन पुढे वमन, विरेचक औषधे, उपवास वा अतिव्यायाम केला जातो; वजन प्राकृत असल्याने तो सहज लक्षात येत नाही. लहान मुलांत वजनाची भीती नसतानाही घशात अडकण्याच्या भयाने वा पदार्थाच्या स्पर्श-गंधाच्या तिटकाऱ्याने आहार अत्यल्प होतो. २०१३ पासून आधुनिक वर्गीकरणात या विकृतीला स्वतंत्र स्थान आहे. हे विकार मुलग्यांतही आढळतात. पूर्वी स्थूल असलेल्या मुलाचे वजन झपाट्याने उतरल्यास कौतुक करण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे.

पालकांसमोर व नंतर रुग्णाशी एकांतात बोलावे. जेवणानंतर स्नानगृहात जाणे, घरच्यांबरोबर जेवण टाळणे, आर्तव बंद होणे, थंडी सहन न होणे यांची चौकशी करावी. दातांची झीज, गालांजवळील लालाग्रंथींची सूज व बोटांच्या सांध्यांवरील घट्टे वारंवार वमनाचे सूचक असतात.

बाह्यरुग्ण उपचाराची मर्यादा

प्रत्येक भेटीत वजन, उंची, तापमान, तसेच झोपून व उभे राहून नाडी व रक्तदाब यांची नोंद करावी. दिवसा जागेपणी नाडी ५० पेक्षा कमी, वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी, मूर्च्छा, रक्तातील पोटॅशियमची न्यूनता, अन्नपाण्याचा पूर्ण त्याग अथवा आत्मघाताचे विचार यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' एवढ्यावर निश्चिंत राहू नये. अतिकृश रुग्णास एकाएकी भरपूर आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून प्राणसंकट ओढवू शकते. म्हणून प्रारंभीचे पोषण तेथील देखरेखीखालीच व्हावे. चरकसंहितेने कृशांच्या बृंहणासाठी लघु व संतर्पण अन्न सांगितले आहे, हे येथे स्मरणीय आहे.

प्रकृती स्थिर असल्यास बहुतांश मुलांचे उपचार घरी राहून होऊ शकतात. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेली कुटुंबाधारित पद्धती किशोरवयीन अनोरेक्सियात आज प्रथम पसंतीची मानली जाते. प्रथम आईवडील भोजनाची सर्व जबाबदारी घेतात; वजन सुधारू लागल्यावर ती क्रमाने मुलाकडे परत दिली जाते; अखेरीस किशोरवयातील इतर प्रश्नांकडे लक्ष दिले जाते. आईवडिलांना दोष न देता त्यांना उपचाराचे सहकारी मानणे हे या पद्धतीचे सूत्र आहे. ती प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीच अवलंबावी. तज्ज्ञ जवळ नसल्यास केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक पालकांना द्यावा.

वैद्य व औषधविक्रेते यांचे स्थान

कुटुंबाचा वैद्यावरील विश्वास हे येथे मोठे बळ आहे. 'हा हट्ट नव्हे, व्याधी आहे' हे वैद्याने सांगितल्यास घरातील रागावणे व शपथा घालणे थांबते. सत्त्वावजय, नियमित भोजनकाळ व घरच्यांसमवेत भोजन यांचा आग्रह धरावा. लंघन, विरेचन, उपवास व मेदोहर कल्प सर्वथा वर्ज्य समजावेत. अतिकृश रुग्ण वमनास अयोग्य, हे सिद्धिस्थानात स्पष्टच आहे. बृंहण कल्प योजावयाचे असल्यास उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना कळवून योजावेत. ते आहाराचा पर्याय ठरू शकत नाहीत.

औषधविक्रेत्यांचे दायित्वही तितकेच आहे. सोनामुखीयुक्त चूर्ण वारंवार नेणारी शाळकरी मुले बद्धकोष्ठाचीच रुग्ण असतील असे नाही. दीर्घकाळ अतिरेकी विरेचनाने पोटॅशियम घटते व हृदयाची गती बिघडते. अल्पवयीनांना विरेचक व वजन घटवणारी उत्पादने वैद्याच्या पत्राविना देऊ नयेत. स्थूलतेवरील औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने प्रतिबंध आहे. दुकानातील फलकही त्या दृष्टीने तपासावेत.

जेवत नसलेल्या प्रत्येक किशोरवयीन रुग्णाला औषधपत्र लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : 'भूक लागत नाही, की लागली तरी खाण्याची भीती वाटते?' उत्तर मिळेपर्यंत थोडे थांबावे लागेल. परंतु पुढील चिकित्सेची दिशा त्यावरच ठरते.