उत्तर नको, वाट दाखवा

अंकांची चावडी : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण नऊने भाग जाण्याची कसोटी पाहिली : अंकांच्या बेरजेला नऊने भाग गेला, की संख्येलाही जातो. आज ती कामाला लावायची आहे, पण एकट्याने नव्हे, चारचौघांत आणि तेही फोनवरून.

आधी गंमत पाहू. कोणतीही तीन अंकी संख्या घ्या. तिन्ही अंक सारखे मात्र नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करा आणि मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्यावर पुन्हा तेच. ३५२ घेतले, तर ५३२ वजा २३५ म्हणजे २९७. मग ९७२ वजा २७९ म्हणजे ६९३. मग ५९४, मग ४९५. आणि ४९५ पुढे सरकतच नाही, कारण ९५४ वजा ४५९ पुन्हा ४९५च. दुसरी संख्या घेऊन पाहा, तिसरी घ्या. सगळ्या तिथेच येऊन थांबतात. का?

समजा, राजापूर तालुक्यातल्या नाट्याची आठवीतली एक मुलगी हा प्रश्न घरच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. नाट्यासारख्या गावातले असे ग्रुप दोन ठिकाणी पसरलेले असतात : काही मुले साखरी नाटे, आंबोळगडला, तर काही मुंबईच्या उपनगरांत, चाकरमान्यांच्या घरी. गणपतीला आणि मे महिन्यात भेटणारी ही मुले एरवी फोनवरच एकत्र येतात.

विरारचा चुलतभाऊ लगेच लिहितो, ‘बरोबर आहे. मी दहा संख्या करून बघितल्या.’ त्याच्या मते प्रश्न सुटला. पण तीन अंकी संख्या ९००. सारख्या अंकांच्या ९ वगळल्या तरी ८९१ उरतात. दहा उदाहरणांनी विश्वास बसतो, कारण कळत नाही.

संध्याकाळी आंबोळगडची आतेबहीण लिहिते, ‘वजाबाकीत मधला अंक दरवेळी ९ येतोय.’ एवढेच. का येतो, ते तिला ठाऊक नाही. मग नाट्याची मुलगी गेल्या आठवड्याची कसोटी लावते : कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ येते. २९७ मध्ये २ आणि ७, ६९३ मध्ये ६ आणि ३. म्हणजे प्रत्येक उत्तराला नऊने भाग जातो. विरारहून शंका येते, ‘१०० घेतले तर? १०० वजा १ म्हणजे ९९, हे दोन अंकीच झाले.’ थोडी वादावादी होऊन ठरते की ९९ हे ०९९ असे लिहायचे. आता नियम नीट झाला.

रात्री रत्नागिरीला शिकणारा दादा जागा होतो. मोठ्यापासून लहानाकडे अंक अ, ब, क धरले, तर मोठी संख्या १००अ + १०ब + क, लहान संख्या १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की ब गळून पडतो आणि उरते ९९ × (अ − क). अ आणि क यांतला फरक १ ते ९ यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर ८९१ संख्यांच्या जागी फक्त नऊच उत्तरे शक्य आहेत : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. ती नऊ तपासणे हे दहा मिनिटांचे काम. ०९९ वरून ८९१, तिथून ७९२, ६९३, ५९४, ४९५. बाकीच्याही याच रांगेत मध्येच कुठेतरी येऊन मिळतात. जास्तीत जास्त सहा वजाबाक्या. सिद्धता पूर्ण.

हे गणित कुणी सोडवले? दादाने, असे म्हणायचा मोह होतो. पण त्याने बीजगणित मांडले ते ‘मधला अंक ९ येतोय’ हे वाचल्यावर. आणि १०० ची शंका आली नसती तर सिद्धतेत भोक राहिले असते. आतेबहिणीने ‘कारण सापडले की मगच लिहीन’ असे ठरवले असते, तर तिचे वाक्य ग्रुपवर आलेच नसते.

गणितातले फार मोठे लोकही याच अनुभवातून गेले आहेत. २००९ च्या सुरुवातीला केंब्रिजचे टिमथी गावर्स यांनी इंटरनेटवर एक अवघड प्रश्न उघड्यावर मांडला आणि कुणीही यावे, असे सांगितले. प्रश्न फुल्ली-गोळ्याच्या खेळाशी नाते सांगणारा : चौकट पुष्कळ मितींची केली, तर एकही सरळ ओळ पुरी होऊ न देता तिच्यातली किती घरे भरता येतील? मिती वाढत गेल्या की अशा घरांचे प्रमाण नगण्य होते, हे आधी सिद्ध झालेले होते, पण फार अवजड हत्यारांनी. गावर्सना साधी सिद्धता हवी होती. त्यांचा नियम असा की अर्धाकच्चा विचारही लगेच लिहायचा, थोडक्यात लिहायचा. एकट्याने कोपऱ्यात बसून पुरे करून आणायचे नाही. पहिला प्रतिसाद सात तासांनी आला, तो कॅनडातल्या एका प्राध्यापकाचा. पाऊण तासही लोटला नाही तोच अमेरिकेतल्या एका शाळामास्तराने आपली सूचना लिहिली आणि त्याच्या पाठोपाठ फील्ड्स पदकाचे मानकरी टेरेन्स टाओ आले. ३७ दिवसांत २७ जणांनी मिळून सुमारे ८०० टिपणे लिहिली आणि प्रश्न सुटला. निबंध छापला तो ‘पॉलिमॅथ’ या सामाईक नावाने.

माध्यम नवे होते, पण रीत जुनीच होती. १९०७ मध्ये रामस्वामी अय्यर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टरने दूरदूर विखुरलेल्या गणितप्रेमींचे मंडळ काढले. तेच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाले. त्याचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते आणि परदेशी नियतकालिके सभासदांमध्ये टपालाने फिरत. त्या काळी फर्ग्युसनचे प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे : आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झालेले पहिले भारतीय. मंडळाच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न छापत. १९११ मध्ये रामानुजन यांनी तिथे एक प्रश्न घातला : १ अधिक २ गुणिले मूळ, त्या मुळाच्या पोटात १ अधिक ३ गुणिले मूळ, त्याच्या पोटात १ अधिक ४ गुणिले मूळ... असे अखंड चालू ठेवून बाहेरूनही वर्गमूळ काढले, तर किंमत किती? नियतकालिकाचे तीन अंक निघाले, सहा महिने गेले, कुणाचेच उत्तर आले नाही. शेवटी त्यांनीच सांगितले : ३. किल्ली साधी आहे. ३ चा वर्ग म्हणजे १ अधिक २ × ४. त्यातल्या ४ चा वर्ग १ अधिक ३ × ५. ५ चा वर्ग १ अधिक ४ × ६. प्रत्येक संख्येच्या जागी तिच्या वर्गाचे मूळ लिहीत गेले की ती न संपणारी माळ तयार होते.

त्या सहा महिन्यांत कुणी निदान ‘मी आतली चार मुळे घेऊन पाहिले, किंमत तीनच्या जवळ सरकते आहे’ एवढे लिहिले असते, तरी चर्चा सुरू झाली असती. पण छापील स्तंभात पुरे उत्तरच पाठवायचे असते. अर्धवट उत्तराला तिथे जागा नव्हती. फोनवर ती आहे आणि ऑनलाइन गणिताची खरी कमाई मला हीच वाटते. वर्गात हुशार मुलाचा हात आधी वर जातो आणि बाकीच्यांचा विचार तिथेच तुटतो. लिहिलेले टिपण मात्र थांबून राहते. पावसात रेंज गेली, दोन दिवसांनी आली, तरी सावकाश विचार करणाऱ्याला पहिल्या ओळीपासून वाचून आत शिरता येते.

ही कमाई घालवणेही तितकेच सोपे आहे. २०१९ मध्ये ८÷२(२+२) हे कोडे जगभर फिरले. कुणी १६ म्हणाले, कुणी १, आणि हजारो लोक भांडले. त्यात गणित जवळपास नव्हतेच. भागाकाराच्या खुणेनंतर कंसाला चिकटलेला २ आधी धरायचा की क्रमाने जायचे, हा लिहिण्याच्या संकेताचा घोळ होता. आणखी एक कंस घातला असता तर वाद मिटला असता. ‘फक्त हुशारांनाच जमेल’ म्हणून येणारी फळांच्या चित्रांची कोडीही त्याच जातीची. उत्तरांचा पाऊस पडतो, रीत कुणी विचारत नाही.

म्हणून ग्रुप काढलात, तर काही पथ्ये पाळा. प्रश्न शब्दांत पुरा लिहा. नुसता फोटो टाकू नका. पहिल्या दिवशी उत्तर नाही, फक्त निरीक्षणे. कुणी अडले तर पुढची एकच पायरी सांगा. आणि ‘हे तर सोपे आहे’ हे वाक्य वर्ज्य. त्याने एक मूल गप्प झाले, की ते पुन्हा लिहीत नाही.

आता या आठवड्याचे काम. ४९५ चा थोरला भाऊ म्हणजे ६१७४. तो शोधला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी : जन्म १९०५, डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, जिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्याच नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आयुष्यभराची नोकरी देवळालीच्या शाळेत. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही संख्या मांडली. अनेक पंडितांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली.

चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येवर तीच वजाबाकी करा. अंक मोठ्यापासून अ, ब, क, ड धरले, तर उत्तर ९९९ × (अ − ड) अधिक ९० × (ब − क) येते. हे आधी स्वतः करून पाहा. दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून एकूण ५४ प्रकारच होतात. एकट्याला ५४ कंटाळवाणे वाटतील. सहा जणांना नऊ-नऊ येतात. वाटून घ्या, प्रत्येकाने आपल्या नऊंची रांग ग्रुपवर लिहावी आणि दुसऱ्याची एक तरी रांग तपासावी. अशी कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर यायला हवी. न आली, तर चूक कोणत्या ओळीत आहे ते सगळ्यांनी मिळून शोधा.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांनी दोन अंकी संख्या घ्याव्यात. तिथे थांबायला एक संख्या नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ असा फेराच सुरू होतो. असे का, ते पुढच्या लेखांकात पाहू. तोवर पत्रांत नुसती उत्तरे पाठवू नका, वाटा पाठवा, अर्ध्यावर राहिलेल्या असल्या तरी चालतील.